गहू पाण्यासारखा वाहत नाही

न्यू वेस्टमिन्स्टर,
११ ऑक्टोबर १९८३

ती. बाबांना हेल्मीचा सा. न. आईला वेगळा नमस्कार, कारण ती रागावली आहे हे तिच्या फोनवरच्या गप्प बसण्यावरून कळलं.

वि. वि. विमा कंपनीतली नोकरी मी सोडली, हे खरं आहे. क्लाइव फेनविकनेही सोडली. चार वर्षं आम्ही शेजारशेजारच्या टेबलांवर बसून लोकांच्या मरणाचे हिशेब करणारे प्रोग्राम लिहिले, आता खेळ लिहिणार आहोत. तिसरी लॉइस ताकेदा. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची, आता आमची चित्रं काढते. होड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यावर एक खोली मिळाली आहे. छप्पर पत्र्याचं आहे, आणि इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. पाऊस लागला की फोनवर समोरच्याचं काही ऐकू येत नाही, म्हणून कंपनीचं नाव ‘टिन रूफ’ ठेवलं.

पहिला खेळ अग्निबाणांचा केला. तसले शंभर खेळ बाजारात आहेत, आमचा एकशेएकावा निघाला. मग मी म्हटलं, मला जे येतं ते करू. लहानपणी सुट्टीत तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा धक्क्यावर उभी राहून जहाजं भरताना बघायचे. वरून कोठारातला गहू सोंडेतून पडतोय आणि जहाज बोटबोट पाण्यात उतरतंय. तोच खेळ आहे. कप्पे कोणत्या क्रमाने भरायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचं, चुकलं की जहाज कलंडतं. नाव ‘ट्रिम’, म्हणजे जहाजाचा तोल.

सोबत संगणक आणि फ्लॉपी पाठवते आहे. शेजारचा ओन्नी तो टीव्हीला जोडून देईल. तुम्ही खेळा आणि चुका लिहून कळवा. ‘छान आहे’ असं लिहिलंत तर पत्र परत पाठवीन.

तुमची माया आहे तशीच राहू द्या, एवढी वि.
हेल्मी

थंडर बे,
६ नोव्हेंबर १९८३

चि. हेल्मीला बाबांचा आशीर्वाद.

संगणक पोचला. ओन्नीने तो जोडायला दोन तास आणि सहा कप कॉफी घेतली. विम्याच्या नोकरीवर पाणी सोडणाऱ्या माणसाने स्वतःचा तरी विमा उतरवला होता का, असं तो विचारत होता. मी म्हटलं, माझी पोरगी आहे, उतरवला नसणार.

छान नाही. गहू पाण्यासारखा वाहत नाही. तुमच्या खेळात तो कप्प्यात पडला की सपाट पसरतो. खरा गहू ढीग करून बसतो. बसतो, बसतो आणि मग एकदम घसरतो. ओट हलका असतो, कप्पा भरलेला दिसतो पण जहाज खाली जातच नाही. जवस मात्र खरंच पाण्यासारखा असतो. त्याच्यावर पाय ठेवणारा माणूस कमरेपर्यंत आत जातो. एकतीस वर्षं सोंड धरली मी, जवसाचं जहाज असलं की रात्री झोप लागायची नाही. तुम्ही सगळ्या धान्यांना एकच स्वभाव दिलाय. माणसांचा तरी असतो का?

दुसरं, मधले कप्पे आधी भरले तर जहाज कलंडत नाही, मधून वाकतं. कलंडणं वेगळं, वाकणं वेगळं. रिकाम्या जहाजाने तोलासाठी पोटात घेतलेलं पाणी उपसायला तुमच्याकडे पंपच नाही. क्लाइवला सांग, पंपाशिवाय जहाज भरणारा माणूस आमच्याकडे पहिल्याच दिवशी घरी गेला असता.

आई खेळ बघत नाही. पडद्यावर कोठार आलं की ती स्वयंपाकघरात जाते. तू त्यावरून मनाला लावून घेऊ नकोस. चौपन्न साली कोठारात धान्याच्या धुळीचा स्फोट झाला त्यात तिचा भाऊ रेइनो गेला, तेव्हापासून धक्क्याचं कॅलेंडरसुद्धा तिने घरात लावू दिलेलं नाही. रेइनोचं नावही आमच्यात निघत नाही. तुझ्या जन्माच्या आधीपासून असंच आहे.

आईला पुल्लाचा गोड पाव भाजून पाठवायला सांगितलंय. वेलदोडा जास्त पडलाय म्हणाली, म्हणजे राग उतरला असावा.

तुझा बाबा,
एमिल कोर्पेला (पूर्ण सही सवयीने झाली)

न्यू वेस्टमिन्स्टर,
२२ एप्रिल १९८४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रानं क्लाइवचे चार महिने खाल्ले. तो आधी चिडला. म्हणाला, तुझ्या बाबाला सांग, हा खेळ आहे, बंदर नाही. मग दुसऱ्या दिवशी गहू, ओट आणि जवस अशा तीन पिशव्या घेऊन आला, टेबलावर ओतल्या आणि शाळेतल्या कोनमापकाने ढिगांचे उतार मोजत बसला. जवस घरंगळून फटीतून खालच्या कारखान्यात गेला. खालचा माणूस शिडी चढून वर आला आणि होडीच्या ताज्या रंगावर काय पेरलंत, असं विचारत होता. अजून जिन्यात पाय घसरतो.

पण आता गहू बसतो, बाबा. बसतो, बसतो आणि घसरतो. क्लाइवने तो घसरताना पहिल्यांदा बघितला तेव्हा खुर्चीवरून उठून उभा राहिला.

मागच्या महिन्यात विक्री सुरू केली. प्लास्टिकच्या पिशवीत फ्लॉपी आणि झेरॉक्सचा एक कागद, बस्स. मासिकात छोटी जाहिरात दिली होती. पहिल्या आठवड्यात अकरा पत्रं आली, या आठवड्यात पोस्टमनने पोतं वर आणायला नकार दिला. डलूथच्या एका जहाजावरच्या अधिकाऱ्याने लिहिलंय की हा खेळ ज्याने केला त्याने आयुष्यात कधीतरी नाकात भुसा घेतलेला असणार. झेरॉक्सच्या कागदावर शेवटी तुमचं नाव आहे. आम्ही आता पाच जण झालो.

आईचा पुल्ला कोणाच्या हाती लागायच्या आत लॉइसने संपवला. तिला माफ करा.
लोभ वाढवावा.
हेल्मी

थंडर बे,
३० सप्टेंबर १९८४

चि. हेल्मी, अ. आ.

मजूर सभागृहातल्या कॉफीच्या टेबलावर तुझा खेळ बसवलाय. सगळे निवृत्त झालेले म्हातारे आहेत. काल हेइक्की आणि सुलो भांडले. हेइक्कीने जवसाचं जहाज मधून मोडलं आणि दोष वाऱ्याला दिला. खेळात वारा नाहीच, असं सुलो म्हणाला. दोघे आठवड्यापुरते बोलत नाहीत. तुझी कंपनी इथल्या मैत्र्या मोडते आहे.

कामगार संघटनेचा चिटणीस येऊन बघून गेला. नव्या पोरांना हे दाखवायला हवं म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मुलीला पत्र लिहा, मी मध्ये पडत नाही.

झेरॉक्सच्या कागदावर माझं नाव एका ‘एल’ने कमी छापलंय. तेवढं सुधारा.

बाबा

न्यू वेस्टमिन्स्टर,
१६ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांना सा. न.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. इथे सगळं पालटलं आहे. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या कंपनीने ‘ट्रिम’चा दुसरा भाग मागितला आहे. त्यांचा माणूस आला होता, इतक्या चांगल्या बुटांनी आमच्या जिन्यात जवसावरून घसरणारा तो पहिलाच. खेळ रंगीत होणार, खोक्यात येणार, दुकानादुकानांत जाणार. आम्ही आता आठ जण आहोत. त्यातल्या तिघांना मुलं आहेत. महिन्याच्या शेवटी सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, तेव्हा तुम्ही मुकादम होणं का नाकारलंत ते कळतं.

कोठार आतूनही दाखवायचं ठरलंय, नुसतं जहाज नाही. त्यांना काही किरकोळ बदल हवे आहेत. या वेळी फ्लॉपी आधी पाठवता येणार नाही, करारात तसं आहे. चुका तुम्ही नंतर काढा.

आईला नमस्कार. तिची तब्येत कशी आहे ते कळवा.
हेल्मी

थंडर बे,
१९ ऑक्टोबर १९८६

चि. हेल्मी,

आशीर्वाद आहेच. फ्लॉपी कुठे आहे? खोकं बाजारात आलं असं ओन्नीचा मुलगा टोरांटोहून सांगतो. जगाला मिळालं आणि बापाला नाही, हा कुठला करार? हेइक्की विचारतो, पोरगी मोठी झाली का? मी म्हणतो, पोस्ट मंद झालं.

दोन ओळी तरी लिही. तुझी पत्रं आखूड होत चालली आहेत.

बाबा

थंडर बे,
२९ नोव्हेंबर १९८६

चि. हेल्मीला आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. बाबांच्या पत्राखाली दोन ओळी लिहिल्या की माझं भागतं. हे मात्र मीच लिहिते आहे आणि बाबांना दाखवलेलं नाही.

काल लोकर घ्यायला बाजारात गेले होते. संगणकाच्या दुकानाच्या काचेत टीव्ही ठेवला होता आणि समोर पंधरावीस माणसं हसत उभी होती. मीही थांबले. पडद्यावर कोठार होतं. विक्रेता कळ दाबायचा, कोठार फुटायचं, माणसं टोप्यांसकट आभाळात उडायची आणि मागे बँड वाजायचा. लोक म्हणायचे, परत दाखव. तो परत दाखवायचा. खोक्यावर तुमच्या कंपनीचं नाव होतं. मी पाच वेळा बघितलं. मग लोकर न घेता घरी आले.

तुम्ही बाबांकडून चुका लिहून घेता. मीही लिहिते.

स्फोट एक नसतो, दोन असतात. पहिला लहान असतो, दार जोरात आपटल्यासारखा. त्याने तुळयांवर वर्षानुवर्षं बसलेली धूळ खाली येते आणि ती पेटते. तो दुसरा. रेइनो पहिल्यातून वाचला होता. धान्य वाहणाऱ्या पट्ट्याखाली अडकलेल्या माणसाला आणायला तो परत आत गेला, असं बाहेर आलेल्यांनी सांगितलं.

रंग नारिंगी नसतो. आम्हाला दिसला तो राखाडी होता. दोरीवर वाळत घातलेल्या माझ्या चादरींवर संध्याकाळपर्यंत पीठ पडत होतं. मी त्या परत धुतल्या. दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

टोप्या उडत नाहीत. टोपी तिथेच सापडते.

बँड वाजत नाही. बराच वेळ कोणालाच काही ऐकू येत नाही. फाटकाशी उभ्या असलेल्या आम्ही बायका हातभर अंतरावरून एकमेकींवर ओरडत होतो, कोण आलं, कोण आलं.

आणि तुमच्याकडे कोठार फुटलं की लगेच नवीन कोठार येतं.

एवढ्याच चुका सापडल्या. थंडी वाढली आहे, मोजे घालत जा.

तुझी आई,
लेम्पी

न्यू वेस्टमिन्स्टर,
८ डिसेंबर १९८६

प्रिय आई, तुझ्या पायांशी बसून लिहिते आहे असं समज.

किरकोळ बदल म्हणून मी जे लिहिलं होतं ते हेच. त्यांना स्फोट हवा होता. हरणाऱ्यालाही काहीतरी मजा मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पहिल्यांदा नाही म्हटलं. क्लाइव म्हणाला, आठ माणसं आहेत, तुझ्या एका ‘नाही’वर आठांची घरं आहेत. लॉइसने ती चित्रं काढली तेव्हा तिला मी रेइनोमामाबद्दल सांगितलंही नव्हतं. सांगितलं असतं तर तिने काढली नसती, म्हणूनच सांगितलं नसावं. काल सांगितलं. तिने ब्रश धुतले आणि घरी गेली, आज आलेली नाही.

धूळ किती साठली की कोठार फुटतं, तो आकडा मी स्वतः लिहिला. बाबांना फ्लॉपी मुद्दाम पाठवली नाही. तुमच्या गावात ते खोकं पोचणारच नाही, असं स्वतःला सांगत राहिले. दुसरीकडे खोकी कुठे कुठे पोचली याचा नकाशा भिंतीवर लावून त्यात टाचण्या मारत होते.

क्षमा मागते, पण ती तू लगेच करावीस असं म्हणत नाही.
हेल्मी

थंडर बे,
१८ जानेवारी १९८७

चि. हेल्मी,

आईने तिचं पत्र मला दाखवलं नव्हतं, तुझं दाखवलं. दोनदा वाचून कपाटात ठेवलं आणि बटाटे सोलायला बसली. काय म्हणायचंय असं विचारलं, तर म्हणाली की पोरीनं आकडा स्वतः लिहिला हे कबूल केलं, तेवढं बरं केलं.

माझं म्हणणं वेगळं आहे. करणं चुकलं, पण लपवणं मला जास्त लागलं. आमच्याकडे सोंड तुंबली की ओरडून सांगायची पद्धत होती. गप्प बसणाऱ्यामुळे माणसं मरायची.

आता काय करायचं ते तू ठरव. आठ जणांचं ओझं मी इथे बसून हलकं करू शकत नाही. तू उपाशी राहिलीस तर घरात वाफेच्या अंघोळीची सौना गरम आहे आणि मासे आहेत.

बाबा

न्यू वेस्टमिन्स्टर,
२७ जून १९८७

ती. बाबा आणि आईला सा. न. वि. वि.

ओरडून सांगते. पुढच्या छपाईत स्फोट बदलून द्यावा, असं मी कॅलिफोर्नियाला लिहिलं. उत्तर आलं की खेळ आता त्यांचा आहे, नावही त्यांचं आहे, आणि तिसऱ्या भागात स्फोट तीन हवेत. मी सगळ्यांना बसवून आईचं पत्र वाचून दाखवलं. आधी आईची परवानगी घ्यायला हवी होती, घेतली नाही, ही आणखी एक चूक लिहून ठेवा. मग क्लाइव म्हणाला की तुझ्या आईबद्दल मला वाईट वाटतं, पण माझ्या मुलीच्या दातांना डिसेंबरात तार बसवायची आहे. तोही खोटं बोलत नव्हता.

तिसरा भाग मी करणार नाही म्हटलं. क्लाइव आणि बाकीचे पाच जण कॅलिफोर्नियाच्या कंपनीत गेले. निघताना त्याने कोनमापक माझ्या टेबलावर ठेवला आणि जिना उतरला. भांडलो असतो तर बरं वाटलं असतं. आता मी आणि लॉइस दोघीच आहोत. ‘ट्रिम’ हे नाव आम्हाला वापरता येत नाही. दुसऱ्याच्या मुलाला हाक मारल्यासारखं आता जपून बोलावं लागतं.

तुमच्या संघटनेच्या चिटणिसाचं जुनं पत्र माझ्याकडे पडून होतं. त्याला उत्तर दिलं. कोठारात नव्याने लागणाऱ्या कामगारांना शिकवण्यासाठी प्रोग्राम हवाय. काम लहान आहे, दोघींना पुरेल. त्यात धूळ झाडायची आहे, पट्टे तपासायचे आहेत, कामाची पाळी नीट संपवायची आहे. आई, तुझं पत्र त्यासाठी वापरू का? या वेळी आधी विचारते आहे.

आणखी एक विचारायचं होतं. मामा कसा गेला ते मला तुझ्या पत्रातून कळलं. तो कसा होता, हे मी कधी विचारलंच नाही.

हेल्मी

थंडर बे,
१३ मार्च १९८८

चि. हेल्मीला आशीर्वाद.

आईच्या होकारानंतर नवा प्रोग्राम बसवून तू आणि लॉइस परत गेलात, त्यानंतरची हकीकत लिहितो. सभागृहातल्या संगणकावर आता रांग असते. नवे लोक आधी हसतात, यात गंमत काय म्हणतात. कोणी धूळ साठू दिली की पडदा राखाडी होतो आणि बंद पडतो, परत सुरू होत नाही. दोघांनी यंत्र बिघडलं म्हणून तक्रार केली. चिटणिसाने सांगितलं, बिघडलेलं नाही, तुम्ही बिघडवलंत, आता उद्या या.

काल आई माझ्याबरोबर आली. कोट न काढता बसली. कळा कुठल्या ते मी सांगू लागलो तर गप्प राहायला सांगितलं. पूर्ण पाळी केली तिने. तुळया चार वेळा झाडल्या, दोनदा पुरे असतं. भोंगा झाला, माणसं डबे घेऊन फाटकाबाहेर आली. शेवटचा बाहेर येईपर्यंत ती उठली नाही. मग कोटाची बटणं लावली आणि हेइक्कीला म्हणाली, तुम्ही बसा आता.

प्रिन्स रूपर्टच्या बंदरालाही हा प्रोग्राम हवाय असं चिटणीस म्हणतो. क्लाइवचा तिसरा भाग चालला नाही, असं तू लिहिलंस. त्याच्या मुलीच्या दातांना तार बसली का ते विचार.

आई काल संध्याकाळपासून काहीतरी लिहीत बसली आहे. मला बघू देत नाही.

बाबा

थंडर बे,
१४ मार्च १९८८

चि. हेल्मी,

आशीर्वाद. तू नऊ महिन्यांपूर्वी विचारलंस तो कसा होता. तेहेतीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर जुळवायला वेळ लागला.

रेइनोला न्हावी व्हायचं होतं. कोठारातलं काम कात्र्यांचा संच विकत घेता येईपर्यंतचं, असं तो म्हणायचा. सराव म्हणून त्याने लग्नाच्या आदल्या दिवशी तुझ्या बाबांचे केस कापले. आमच्या लग्नाचा फोटो भिंतीवर का नाही, असं तू लहानपणी विचारायचीस. तो कपाटात खालच्या खणात आहे. एका बाजूने बाबा आहेत, दुसऱ्या बाजूने पिसं उपटलेली कोंबडी आहे. पाहुणे हसले तर रेइनो म्हणाला, डोकंच वाकडं आहे, मी काय करू.

कॉफी पिताना साखरेचा खडा दातात धरायचा आणि तसाच गायचा. भसाडं गायचा. चर्चमध्ये त्याच्या पुढच्या रांगेत कोणी बसत नसे. बर्फावर घसरायला मला त्यानेच शिकवलं, म्हणजे तळ्याच्या मधोमध नेऊन हात सोडून दिला.

कशासाठीही थांबणं त्याला ठाऊक नव्हतं. सौना तापायच्या आत आत, पाव गार व्हायच्या आत तोंडात. परत आत गेला तेही तसंच असेल. इतकी वर्षं मला त्याचा राग होता, हे परवा खुर्चीवर बसल्यावर कळलं.

तुझा जहाज भरण्याचा पहिला खेळ मी आज सकाळी बाबा झोपलेले असताना लावून बघितला. रेइनोने पहिलंच जहाज मधून मोडलं असतं. एक कप्पा अर्धा भरला की दुसऱ्याकडे पळाला असता, पंप तर त्याला दिसलाच नसता. आणि मग खडा दातात धरून सगळ्यांना सांगत सुटला असता की चूक भाचीच्या प्रोग्रामची आहे.

ममता आहे, ती वेगळी लिहीत नाही. एप्रिलमध्ये ये, फोटो दाखवते.

तुझी आई